सव्वीस तासांची हजेरी

मंगळवारी दुपारी चार वाजता कांचघर मोहल्ल्यातला ट्रान्सफॉर्मर जळाला. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत गल्लीत वीज नव्हती. त्या सव्वीस तासांत गौरांगच्या संगणकावरच्या स्क्रिप्टने वडिलांच्या राउटरशी सव्वीस वेळा संपर्क साधला, आणि राउटरने सव्वीस वेळा उत्तर दिले.

राउटरला बॅटरी नव्हती. घरात इन्व्हर्टर नव्हता.

स्क्रिप्ट साधी होती. पुण्याहून दर तासाला राउटरमध्ये शिरायचे, वडिलांचा, म्हणजे चिंतामणींचा, मोबाइल त्याच्या वाय-फायवर आहे का ते पाहायचे, असल्यास 'ठीक' अशी नोंद करायची. आई गेल्यानंतर बापलेकांत झालेला हा तह होता. "रोज फोन करून जिता आहे का विचारशील, तर उचलणार नाही," असे चिंतामणींनी बजावले होते. खमरियाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे मोजमापे तपासली होती. यंत्राची साक्ष त्यांना मान्य होती. केबल वारंवार तुटे, म्हणून राउटरमध्ये सिम कार्ड होते.

शुक्रवारी गौरांगला सहा महिन्यांसाठी नॉर्वेला निघायचे होते. स्क्रिप्टवर विसंबता येत नसेल, तर तो जाणार नव्हता.

गुरुवारी सकाळी त्याने आधी शेजारच्या बेबीमावशींना विचारले.

"अरे भैया, पूरी गल्ली अंधारात! मोटर बंद, मी पाण्याच्या बालट्या उचलून राहिली होती."

"बाबा दिसले का?"

"ते कधी दिसतात? पुस्तकात डोकं घालून बसले असतील."

मग वडिलांना.

"काहून रे? तहात हे बसत नाही."

"स्क्रिप्ट बिघडली आहे, बाबा. लाइट नसतानाही राउटर चालू दाखवून राहिली."

"अच्छा. म्हणजे तुझा प्रोग्राम चुकला. माणूस ठीक आहे."

मागे कुणीतरी "इक्कीस नंबर!" असे ओरडले.

"कोण आहे?"

"टीव्ही. तू तिकीट रद्द करू नको. नापास प्रोग्राम झाला, मी नाही. चलो, ठेवतो."

गौरांगने चूक शोधायला घेतली. स्क्रिप्ट जुनेच उत्तर पुन्हा वाचत असावी, हा पहिला संशय. त्याने राउटरला त्याच्या घड्याळातली वेळ विचारली. सेकंदापर्यंत बरोबर. त्याने मनात येईल तो आकडा पाठवून तोच परत मागितला. आला. उत्तर ताजे होते.

दुसरा संशय, दुसऱ्याच कुणाचा तरी राउटर. त्याने अनुक्रमांक ताडून पाहिला. राउटर तोच होता.

त्याने विचारले, किती वेळ सुरू आहेस? नऊ दिवस चार तास, मध्ये एकदाही बंद नाही.

स्क्रिप्टमध्ये चूक नव्हती. तिला जे विचारले होते, त्याचे तिने सव्वीस वेळा खरे उत्तर दिले होते. न विचारलेला प्रश्न एकच उरला होता: कुठे आहेस? त्याने राउटरला आसपासच्या वाय-फायची नावे मागितली.

बेबीमावशींच्या वाय-फायचे नाव आले नाही. चार नावे आली: नर्सिंग स्टेशन, डॉक्टर्स रूम, वॉर्ड तीन, रेडिएशन युनिट.

राउटर नऊ दिवस कांचघरात नव्हता. तो रुग्णालयात, चिंतामणींच्या उशाशी होता.