खालचं पान

"भाभी, हा शंभर जीएसएमचा जाड कागद. शाई फुटणार नाही, मागे उमटणार नाही. फाउंटन पेनवाले हाच नेतात," उल्हासनगरच्या स्टेशनरीच्या दुकानात दुकानदार कमलेशने पॅड पुढे सरकवलं.

"मला शाई खाली उतरणारा हवाय," कुंदा म्हणाली.

"तुमचा तो उलटाच हिसाब आहे!"

तो हसला. कुंदाला हसू आलं नाही. नवऱ्याच्या, श्यामकांतच्या, पेनासारखं जाड निबाचं पेन मागून घेऊन ती एकेका कागदावर लिहून बघत राहिली. चौथा कागद पातळ, खरबरीत निघाला. खालच्या पानावर अक्षरं तुटक उमटली, पण वाचता आली.

"हाच द्या."

एकतीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली होती. दोन महिने तिच्या जिवाला नुसता घोर लागला होता. कारखान्यातून रिटायर झालेला श्यामकांत रोज सकाळी चिठ्ठी लिहायचा, पान फाडून खिशात घालायचा आणि बदलापूरच्या खरवईतल्या घरातून फिरायला निघायचा. एकदा तर तीन तासांनी परतला, तोही अंबरनाथच्या बुवापाड्याहून रिक्षाने. तिथे कोण राहतं, विचारलं तर पेपर उघडून बसला. तिने दार उघडलं की तो आधी खिशातल्या चिठ्ठीत डोकावायचा, मग हसायचा. पूर्वी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी "कुंदे!" म्हणून हाक मारणारा माणूस आता नुसतं "अगं" म्हणत होता.

"रोज काय लिहिता एवढं?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं.

"असंच गं. हाताला सवय."

"मग दाखवा की."

त्याने खिशावर हात ठेवला. "राहू दे ना. आणि हा कसला कागद आणलास? सगळी शाई पितो."

तो गेल्यावर तिने कडी लावली. माहेरी जायची बॅग तिने भरूनच ठेवली होती. काय तो सोक्षमोक्ष आजच लावायचा, म्हणत ती पॅड घेऊन खिडकीशी बसली. खालच्या पानावर उमटलेली अक्षरं ती एकेक करून लावू लागली.

'दुसरा मजला, डावं दार.'

पत्तासुद्धा लिहून ठेवतो मेला!

'दार उघडेल तिच्याकडे बघून हसायचं.'

डोळे भरून आले. पदराने पुसून तिने पुढची ओळ लावली.

'ती कुंदा. तुझी बायको.'