दाढ ज्याची, नाव त्याचं

नीलकंठ लांजेवारांचा डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. तीन दिवस पोटात नुसती पेज होती, आणि आज सकाळपासून थुंकीही गिळवत नव्हती. माजी सैनिकांच्या दवाखान्यात ते गालाला गमछा लावून खिडकीपुढे उभे होते. त्यांच्या वतीनं बोलत होते भैय्यालाल रंगारी. दोघंही साठी ओलांडलेले, एकाच पलटणीतले, श्रीलंकेच्या लढाईतही सोबत असलेले.

खिडकीतला लोकेश उद्धट नव्हता. त्यानं कॉम्प्युटरवर दोनदा पाहिलं आणि दोनदा तेच सांगितलं. भैय्यालालनी सतरा वर्षं नोकरी केली, त्यांना पेन्शन आहे, म्हणून कार्ड आहे. लांजेवार वडिलांना लकवा झाला म्हणून नऊ वर्षांनीच घरी परतले. त्यांना पेन्शन नाही, म्हणून कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर दातांच्या डॉक्टरचं टोकनही नाही. दुसरीकडच्या सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली होती, पण तिला अजून बारा दिवस होते.

"श्रीलंकेत गोळी का कार्ड पाहून येत होती?" भैय्यालालनी विचारलं.

लोकेशनं नजर पुन्हा कॉम्प्युटरकडे वळवली. असं काहीतरी त्याला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारत असे.

दोघं बाकावर येऊन बसले. भैय्यालाल आज कवळी बसवून घ्यायला आले होते, त्यांचा नववा नंबर होता. मग त्यांनी आपलं टोकन आणि कार्ड काढून नीलकंठच्या खिशात घातलं. फोटो जुना आहे, मिशा दोघांच्याही पांढऱ्या, आणि एवढ्या सुजेत कोण कोणाला ओळखणार, असं हळू आवाजात समजावलं. बोलायचं नाही, नुसती मान हलवायची. लोकेशनं ते खिडकीतून पाहिलं, आणि खाली वाकून तो कसलीतरी फाइल शोधू लागला.

नववा नंबर पुकारला तेव्हा नीलकंठ उठले. भैय्यालाल दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

डॉक्टर श्रावणी वयानं लहान होत्या, कंत्राटावर लागलेल्या. मराठी त्यांना समजत असे, बोलत मात्र हिंदीत. त्यांनी नीलकंठना खुर्चीत टेकवलं, दिवा चेहऱ्यावर ओढला आणि गालाखाली, गळ्याशी बोटानं दाबून पाहिलं. मग रीतीप्रमाणे कार्ड हातात घेऊन नाव वाचलं.

"भैय्यालाल रंगारी?"

मान हलवली की झालं असतं. नीलकंठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दिव्यानं की ठणक्यानं, त्यांनाही कळत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. जबडा पुरता उघडत नव्हता, शब्द दातांमधून घासत बाहेर आले. "मी नीलकंठ लांजेवार. कार्ड त्याचं हाय. मले कार्ड नाही."

एवढं बोलून ते खुर्चीतून उतरायला लागले. भैय्यालाल तरातरा आत आले. काहून बोलला, एक मान हलवायला काय जात होतं, म्हणून ते मित्रावर चिडले.

"बंदूक माह्या नावानं धरली होती," नीलकंठ म्हणाले. "दाढ दुसऱ्याच्या नावानं नाही काढत."

डॉक्टरांनी नीलकंठच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खुर्चीत बसवलं आणि इंजेक्शन भरायला घेतलं.

आवाज ऐकून लोकेश दाराशी आला होता. मागच्या वर्षी अशाच एकाला तपासलं म्हणून वरून खुलासा मागणारं पत्र आलं होतं, मार्चमध्ये मॅडमचं कंत्राट पुन्हा व्हायचं आहे, याची त्यानं हलक्या आवाजात आठवण करून दिली. करायचंच असेल तर भैय्यालालजींच्या नावावर चढवतो, कोणाला कळणार नाही, असंही म्हणाला. तो डॉक्टरांच्या भल्याचंच सांगत होता, हे त्यांनाही माहीत होतं.

त्यांनी सुई उजेडात धरली. सूज गळ्याकडे उतरत चालली आहे, बारा दिवस थांबता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग नीलकंठकडे बघून म्हणाल्या, "और नाम वही लिखूँगी, जो बाबा ने बताया है।"

अर्धा तास गेला. आधी पू निघाला, मग दाढ, तीही दोन तुकड्यांत. नीलकंठनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. तोंडातून आवाज नाही. फक्त एकदा त्यांचा डावा पाय वर उचलला गेला, तो त्यांनीच सावकाश खाली ठेवला.

कापूस दाबून झाल्यावर डॉक्टरांनी रजिस्टर पुढे ओढलं. नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. सेवा, नऊ वर्षं. पुढचा रकाना कार्ड क्रमांकाचा होता. पेन तिथं जरासा थांबला. मग छापलेल्या 'कार्ड' या शब्दावर त्यांनी काट मारली, वर 'सेना' असं लिहिलं आणि नीलकंठना त्यांचा सैन्यातला नंबर विचारला.

नीलकंठनी तोंड उघडलं. जीभ बधिर होती, कापूस रक्तानं भिजलेला. डॉक्टरांनी हातानंच त्यांना थांबवलं.

भैय्यालाल पुढे झाले. त्यांनी आपलं कार्ड उचलून रजिस्टरशेजारी ठेवलं.

"याच्यावरचा माहा फौजेतला नंबर लिवा, अन् शेवटी एक वाढवा," ते म्हणाले. "भरतीच्या लाइनीत हा माह्या मागं उभा होता."

डॉक्टरांनी कार्ड बघत एकेक आकडा उतरवला. शेवटचा सात होता. तिथं त्यांनी आठ लिहिला, आणि खाली सही केली.