निरोपाची शाल

चार एकर वावर चिखलीच्या कॉलेजला दिलं म्हणून कडूबा आबा तीस वर्षं संस्थेच्या समितीवर होते. यंदा एका परदेशी विद्यापीठाशी करार झाला, समितीत तिकडचे तज्ज्ञ आले आणि आबांना शाल-श्रीफळ देऊन सन्मानानं घरी बसवलं.

महिनाभरातच तिकडून मेल आला, की समितीवर गावचा शेतकरी दिसल्याशिवाय निधी सुटणार नाही. प्राचार्यांनी गाडी काढली आणि थेट आबांचं वावर गाठलं.

“आबा, चिखलीला चला. फक्त फोटोपुरतं बसायचं, बोलायचं काहीच नाही. ती शाल मात्र पांघरा.”

आबांनी तुरीतल्या बुजगावण्याकडे बोट दाखवलं.


“शाल त्याच्या आंगावर हाये. त्यालेच घेऊन जा ना सर, तोही काई बोलत नाही.”