तिरोड्याला पाठवायचा फोटो

“काकाजी, तुम्ही फोटो काढलेल्या एकाही पोरीले नकार काऊन नाही येत?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी विचारलंच! गोंदियात वीस वर्षं स्थळांसाठी पोरींचे फोटो काढणारे श्यामलालकाका हसले. “पोरगी जशी आहे, तशीच काढतो ना बाई.”

माझा फोटो तिरोड्याच्या स्थळाकडे जायचा होता. आईने माझे हात मांडीवर नीट ठेवले. कॅमेऱ्याचा रबरी फुगा काकांच्या मुठीत होता. त्यांनी तो दाबला आणि फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी मी आई-बाबूजींसोबत फोटो घ्यायला गेले. फोटोत मी ऐटीत बसले होते. फुगा मात्र माझ्या मुठीत होता.

काही चुकलं असेल म्हणून काकांनी त्याच काचेच्या निगेटिव्हवरून आमच्यासमोर दुसरा फोटो छापला. लाल उजेडात, औषधाच्या पाण्यात मी हळूहळू उमटले.

आता फोटोतली मी फुगा दाबत होते.

आईने माझा रिकामा हात घट्ट धरला. मला भीती वाटायला हवी होती, पण पाण्यातली मी किती खुशीत होते!

“बाबूजी, तिरोड्याले फोटो नका पाठवू,” मी म्हटलं. “मॅट्रिक झाली का मी काकाजीपाशी हेच काम शिकणार आहे.”