हेरंबचं मत

मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्याने यादी पुन्हा पाहिली. "मावशी, तुमचं नाव आहे. मुलाचं काढून टाकलंय."

हेरंब बोट पुढे करून उभाच होता. वय बत्तीस, पण मन लहान मुलाचं. गेल्या विधानसभेला याच शाळेत त्याने मत दिलं होतं आणि शाई लागलेलं बोट साऱ्या गल्लीला दाखवलं होतं.

"का काढलं?" त्याच्या आईने, शालिनीबाईंनी विचारलं.

"कोर्टाने मनोविकल ठरवलं की मताचा अधिकार जातो."

आपल्यामागे पोराला वडिलांची पेन्शन मिळावी, म्हणून कोर्टाकडून तो निकाल शालिनीबाईंनीच मागून घेतला होता. मताचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या एकट्याच मत देऊन आल्या. फाटकाबाहेर हेरंब म्हणाला, "आई, बाबा म्हणायचे, मत देतो तो मोठा माणूस. मग मी परत लहान झालो?"

समोर रहदारीचा रस्ता होता. शालिनीबाईंनी नेहमीसारखा त्याचा हात धरायला हात पुढे केला.

हेरंबने पहिल्यांदाच आपला हात मागे घेतला.