क्रेनचं नाव काढायचं नाही

"विमानात क्रेनचं नावसुद्धा काढू नकोस हं!" तनुजाने भोसरीहून निघतानाच आईला बजावलं होतं. पहिलाच विमानप्रवास, उगाच शोभा नको. आई बिचारी गप्प बसलीही. पण हवाईसुंदरीने दोनदा विनवूनही पुढच्या सीटवरच्या साहेबांचं फोनवरचं बोलणं थांबेना, तेव्हा आईला राहवलं नाही.

"दादा, मी चाकणला कंपनीत क्रेन चालवते. खाली कुणी फोनवर बोलत उभं असलं ना, तर मी हूक इंचभरही हलवत नाही. मग तो मॅनेजर का असेना!"

साहेबांनी मुकाट्याने फोन फ्लाइट मोडवर टाकला. आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले.

"माझी आई आहे," कुणी विचारायच्या आतच तनुजा म्हणाली, "पंचवीस टनांची क्रेन चालवते!"