दारातून दर्या दिसतो

"मुंबैला मीठसुदा इकत घ्यावं लागतं," वेणू म्हणाली. "मी नाय जात."

ट्रंकेला दोरी बांधता बांधता दयाराम हसला. सारा जन्म पनवेलच्या मिठागरात घालवलेल्या माणसाला हसू येणारच.

"मीठ मी धाडीन. बाकी काय कमी हाय तितं? खोलीच्या दारातून दर्या दिसतो. चालत गेलं की चौपाटी. राणीच्या बागेत हत्ती. ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसायचं आन् गंमत बगायची."

"आन् म्हागाई?"

"दर्याकाठची जागा सस्त्यात कोन देल? काशीराम गिरनीत हाय, तो बगल."

दयारामाने स्वतः मुंबई कधी पाहिली नव्हती. खोलीचं काशीरामाने सांगितलं होतं; बाकी सगळी माहिती त्याच्या मुलाची, बळीरामाची. बळीराम गोदीत कामाला होता. सुट्टीत आला की ओसरीवर बसून तासन् तास मुंबई सांगायचा, आणि आत वेणूची तव्यावरची भाकरी करपायची. एकदा सगळ्यांना चौपाटीवर नेतो, असं त्याने कबूल केलं होतं. मग गोदीतल्या अपघातात तो गेला, आणि ते राहूनच गेलं.

काशीरामाचं स्थळ दयारामानेच शोधलं. उरणपर्यंतची गावं पालथी घातली, चपला झिजवल्या. काल लग्न लागलं तेही वाजंत्रीशिवाय, घरातल्या घरात. वेणू शेवटपर्यंत नाहीच म्हणत होती. आताही तिचा पाय निघत नव्हता.

"तुमाला दोगांना कोन बगल?" तिने विचारलं.

"आमी काय पाळन्यात हाव?" दयाराम ओरडला. मायेने बोलायची वेळ आली की त्याचा आवाज असाच चढायचा.

गुणाबाई आतून चांदीचे तोडे घेऊन आली. सकाळीच वेणूने ते पायांतून काढून देवापुढे ठेवले होते.

"हे ट्रंकंत घाल."

"आय, घरातले तोडे घरात ठेवून जायची रीत हाय."

"घर माजं, रीत बी माजी. मी मोडतंय." गुणाबाईने तोडे स्वतः लुगड्याच्या घडीत खुपसले. तिच्या इतक्या वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदाच एखादी रीत मोडली असेल. त्यावर कुणाचं काही चाललं नाही.

एस.टी. स्टँडवर काशीराम तिकिटं काढून उभा होता. तो पाया पडायला वाकला तेव्हा दयारामाने त्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"रयवारी तिला चौपाटी दाखव. कबूल केलेलं हाय तिला."

"दाखवीन, बाबा," काशीराम म्हणाला.

वेणू गुणाबाईच्या गळ्यात पडली ती सोडेचना. शेवटी कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी हलली तरी तिचा हात खिडकीबाहेरच होता. दोघं म्हातारी माणसं धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभी राहिली. दयारामाला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

घरी येऊन गुणाबाई चुलीपाशी बसली. दयारामाने उपरण्याने भिंतीवरच्या बळीरामाच्या फोटोची काच पुसली.

"बाळा," तो म्हणाला, "तुजी बायको सुकरूप गेली."